घट्ट तुंबा : खोक्यातून आलेल्या मोटारीची गोष्ट

आजचा धागा एका वीस मिलिमीटरच्या छिद्राविषयी आहे. विषय वाचून काही जण येथेच थांबतील. जे थांबणार नाहीत त्यांना शिवडीची गोदी, कुर्ल्याचा कारखाना आणि इंग्लंडातील एक शर्यतपथ हिंडवून आणीन.

अकोले तालुक्यातील राजूर हे माझे आजोळ. पेढ्यांसाठी आणि डांगी जनावरांच्या प्रदर्शनासाठी ओळखले जाणारे, कोल्हार–घोटी रस्त्यावरचे गाव. येथून पुढे भंडारदऱ्याकडे निघाले की रस्ता डोंगराच्या अंगाने वळणे घेऊ लागतो आणि पावसाळ्यात धुके उतरले की चालकाला हातातल्या चाकाखेरीज दुसरा आधार उरत नाही. माझ्या मामांनी तीन वर्षे खपून येथे एक जुनी जीप उभी केली. विकत घेतली असे म्हणता येणार नाही, कारण सांगाडा एका लिलावातला, इंजिन दुसऱ्याच गाडीचे, दिवे तिसरीकडचे. परदेशात हौशी लोक सुट्या भागांचा संच खोक्यात मागवतात आणि घरच्या अंगणात मोटार बांधतात. तिला किट कार म्हणतात. मामांची जीप म्हणजे खोके नसलेली किट कार.

मागच्या दिवाळीत मी गेले तेव्हा सारे काम संपले होते, अडले होते ते फक्त स्टिअरिंगपाशी. मूळ चाक तडकलेले होते म्हणून मामांनी नवे, थोड्या लहान घेराचे चाक आणि त्याला जोडायचा ॲल्युमिनियमचा हब आणला होता. चाकाच्या मधोमध जो भाग दांड्यावर बसतो तो हब. बैलगाडीच्या भाषेत सांगायचे तर तुंबा. दांड्याच्या टोकाला बारीक उभे दाते असतात, हबच्या छिद्रात त्यांच्याच मापाच्या खाचा असतात. दाते खाचांत उतरले आणि वरून नट आवळला की चाक व दांडा एकजीव होतात. येथे ते उतरतच नव्हते. हब टोकाशी जेमतेम धरायचा आणि तेथेच अडकायचा.

मामांनी लाकडी ठोकळा आणि हातोडा उचलला. मिस्त्री म्हणाले, "ठोकू नका भाऊ. दणका इथं राहत न्हाई, खाली बॉक्सात जातो."

हे वाक्य मी वहीत लिहून ठेवले आहे. विलीज जीपचा स्टिअरिंगचा दांडा खाली एका लहान पेटीत शिरतो. तिच्यात दांड्याच्या टोकाला आटे पाडलेला कॅम असतो आणि तो एका लिव्हरला हलवतो. ही रॉस पद्धत. कॅमच्या दोन्ही बाजूंना बेअरिंगचे छर्रे असतात. वरून हबवर मारलेला घाव दांड्यातून थेट त्या छर्‍यांवर पोहोचतो आणि त्यांच्या वाटेत खळगे पाडतो. त्या दिवशी काही कळत नाही. पुढे सहा महिन्यांनी चाक वळवताना एका जागी अडखळते आणि कारण कोणालाच आठवत नसते.

दुसरा धोका याहून वाईट. दात्यांची संख्या दोन गाड्यांत वेगळी असू शकते. संख्या चुकलेला मऊ ॲल्युमिनियमचा हब पोलादी दांड्यावर जोराने दामटला तर दांडा त्याच्यात स्वतःच्या खाचा कापत जातो. हाताला तो घट्ट बसल्यासारखा वाटतो, पण मधली धातू कातरली गेलेली असते आणि भंडारदऱ्याच्या एखाद्या वळणावर चाक मोकळेच फिरू लागते. म्हणून मिस्त्रींनी आधी अंगाच्या साबणाची वडी मागवली. ती दांड्याच्या टोकावर दाबली, मग हबच्या छिद्रात तिचाच दुसरा तुकडा दाबला आणि दोन्ही ठशांवरचे दाते खिळ्याच्या टोकाने मोजले. शिलालेखाचा ठसा घ्यायला आम्हाला विद्यापीठात शिकवतात. ओला कागद, ब्रश, शाई असा सगळा सरंजाम असतो. येथे तेच काम एका साबणात उरकले. संख्या जुळली. म्हणजे हब त्याच जातीचा होता, फक्त मापाने केसभर कमी.

आता इतिहास.

मिस्त्रींनी पुढे काय केले ते सांगण्यापूर्वी हे पाहायला हवे की 'केसभर कमी' ही तक्रार मुळात कधीपासून शक्य झाली. बैलगाडीच्या जगात ती नव्हती. सुतार तुंबा त्या एका गाडीच्या कण्यासाठी कोरायचा. दुसऱ्या गाडीच्या कण्यावर तो बसत नाही म्हणून कोणी त्याला दोष देत नसे. चाक ही त्या गाडीचीच वस्तू होती. आपल्या प्रवरेच्या काठावर चाकाचा इतिहास बराच मागे जातो. राजुरावरून खाली वाहत जाणाऱ्या याच नदीच्या तीरावर, श्रीरामपूर तालुक्यातील दायमाबाद येथे, १९७४ मध्ये छबू लक्ष्मण भिल यांना खणताना ब्राँझच्या चार वस्तू सापडल्या. हत्ती, गेंडा, रेडा आणि दोन बैल जुंपलेला, सुमारे ४५ सेंटिमीटर लांबीचा रथ. त्यांच्या काळाविषयी विद्वानांत एकमत नाही. त्या रथाची चाके भरीव आहेत, त्यांना आरे नाहीत. ज्या कारागिराने ती घडवली त्याच्यापुढे प्रश्न एवढाच होता की हे चाक या रथाला बसावे.

'कोणतेही चाक कोणत्याही गाडीला बसावे' ही मागणी अलीकडची आहे, आणि तिची जाहीर परीक्षा झाल्याची तारीखही उपलब्ध आहे. १९०८ मध्ये लंडनच्या रॉयल ऑटोमोबाईल क्लबने कॅडिलॅकच्या तीन मोटारी ब्रुकलंड्सच्या शर्यतपथावर नेऊन पूर्ण सुट्या केल्या. सर्व भाग एका ढिगात मिसळले. त्यांतील ८९ भाग काढून टाकून त्यांच्या जागी विक्रेत्याच्या साठ्यातील नवे भाग घातले. मग त्या ढिगातून पुन्हा तीन मोटारी जुळवल्या गेल्या. हातात हत्यारे दिली होती ती फक्त पाने आणि पेचकस. कानस नव्हती. तिन्ही मोटारी सुरू झाल्या आणि ५०० मैल धावल्या. रंगांची सरमिसळ झाल्यामुळे त्या विदूषकासारख्या दिसत होत्या म्हणे. कंपनीला ड्युअर चषक मिळाला.

माझ्या मते या साऱ्या प्रसंगात सर्वांत महत्त्वाची वस्तू आहे ती तेथे नसलेली कानस. त्या वेळपर्यंत युरोपातील उत्तमोत्तम मोटारी कानशीवर बसवल्या जात. भाग साधारण मापाचा यायचा आणि कसबी फिटर तो घासून, लावून पाहून, पुन्हा घासून जागेवर बसवायचा. मोटार सुंदर व्हायची, पण तिचा तुटलेला भाग पुन्हा मागवला की पुन्हा फिटर लागायचा. कॅडिलॅकचे हेन्री लेलँड यांनी घासणे कारखान्याच्या जुळवणी-विभागातून उचलून यंत्राकडे आणि मोजपट्टीकडे नेले. योहान्सन नावाच्या स्वीडिश तंत्रज्ञाने पोलादाचे अचूक ठोकळे तयार केले होते, त्यांच्याशी ताडून मापे ठरवली जाऊ लागली. छिद्राच्या मापासाठी दोन टोकांचे मापक वापरतात. एक टोक आत गेलेच पाहिजे, दुसरे जाताच कामा नये. दोन्ही अटी पाळणारे छिद्र पास. मामांचा हब जेथे तयार झाला तेथे बहुधा हे मापक कोणी घातलेच नव्हते.

भाग अदलाबदल करता येऊ लागले की मोटार खोक्यात घालून समुद्रापार पाठवता येते. फिटर सोबत पाठवावा लागत नाही. जुळवलेली मोटार जहाजात पुष्कळ जागा खाते, सुटी केलेली मोटार थोड्या जागेत मावते आणि आयातकरही कमी लागतो. व्यापाऱ्यांच्या भाषेत याला सीकेडी म्हणतात, म्हणजे पूर्णपणे सुटी केलेली गाडी. भारतात अशा खोक्यांचे पहिले मोठे ठिकाण म्हणजे मुंबई. १९२८ मध्ये जनरल मोटर्सने शिवडीला जुळवणीचा कारखाना काढला. पाठोपाठ फोर्डची केंद्रे आली. गोदीत खोकी उतरायची, शिवडीत ती फोडली जायची आणि दुसऱ्या बाजूने शेव्हरोले बाहेर पडायच्या.

ते काम करणारे कोण होते? शिवडी–लालबागच्या परिसरात गिरण्यांचे फिटर, रेल्वेच्या कर्मशाळांत तयार झालेले लोहार-सुतार यांची वाण नव्हती. त्यांच्या हाती कानस जन्माची होती आणि येथे तिला कामच नको होते. भाग नीट बसला तर पान्याने आवळा, न बसला तर बाजूला ठेवा. कसब असलेल्या माणसाला कसब न वापरण्याचा पगार मिळणे हा औद्योगिक इतिहासातला चमत्कारिक प्रकार आहे आणि त्यावर मराठीत कोणीतरी स्वतंत्र प्रबंध लिहायला हवा. (मार्गदर्शक ऐकत असतील तर मी तयार आहे.)

ही जुळवणी म्हणजे निर्मिती का, हा प्रश्न मुंबईत लगेच उभा राहिला. विश्वेश्वरय्यांनी १९३०च्या दशकात मुंबईत मोटार कारखाना उभारण्याची योजना मांडली. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी ती उचलून धरली. अमेरिकेत जाऊन त्यांनी बोलणी केली, क्रायस्लरशी सूत जुळवले. पण युद्धकाळात ब्रिटिश सरकारने या उद्योगाला आवश्यक सवलती दिल्या नाहीत आणि योजना लांबत गेली. अखेर १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्सची स्थापना झाली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिले वाहन बाहेर पडले. अर्थात तेही आरंभी अमेरिकेहून आलेल्या भागांचेच होते. वालचंदांवर टीका करणारे हे बोट दाखवतात. मला ती टीका अर्धवट वाटते. शिवडीत आणि कुर्ल्यात पहिल्या दिवशी होणारे काम एकच असले तरी हेतू निराळा होता. शिवडीला खोके कायमचे यायला हवे होते. कुर्ल्याला ते दर वर्षी थोडे रिकामे येत जावे असे हवे होते.

जीपची कथा याच वळणावर मिळते. दुसऱ्या महायुद्धात जीप मुख्यतः दोन कंपन्यांनी बनवली, विलीज आणि फोर्ड. फोर्डने ती विलीजच्याच आराखड्यावरून बनवली. अट अशी की एकीचा भाग दुसरीला बसलाच पाहिजे. दोन्हींच्या मिळून सहा लाखांवर जीप तयार झाल्या. ब्रुकलंड्सला तीन मोटारींवर केलेली परीक्षा येथे रणांगणावर दर दिवशी घेतली जात होती. दोन मोडक्या जीपमधून एक चालती जीप काढणे हे शिपायांचे नेहमीचे काम झाले. फोर्डला मात्र आपले भाग विलीजच्या भागांत हरवणे मान्य नसावे; त्यांनी आपल्या भागांवर, बोल्टच्या डोक्यांवरसुद्धा, 'एफ' हे अक्षर उठवले.

युद्ध संपल्यावर महिंद्र बंधू आणि गुलाम मोहम्मद यांनी १९४५ मध्ये पोलादाच्या व्यापारासाठी 'महिंद्र अँड मोहम्मद' ही कंपनी काढली होती. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचे नाव 'महिंद्र अँड महिंद्र' झाले. १९४९ मध्ये मुंबईतील माझगावात या कंपनीने विलीज जीप जुळवायला घेतली. भाग अमेरिकेचे, पाना माझगावचा.

त्याच वर्षी भारत सरकारने पूर्ण तयार मोटारींची आयात थांबवली. म्हणजे आता मोटार हवी तर ती खोक्यातूनच यायला हवी होती. नंतर १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनचा अहवाल आला आणि सरकारने त्यानुसार ठरवले की ज्या कंपन्यांकडे भाग देशातच तयार करण्याचा मान्य कार्यक्रम आहे त्यांनाच यापुढे काम करता येईल. केवळ जुळवणी करणाऱ्यांनी आपला गाशा गुंडाळावा. जनरल मोटर्सने १९५४ मध्ये शिवडी बंद केली. फोर्डही गेली. प्रीमियर, हिंदुस्थान मोटर्स, महिंद्र यांच्यासारख्या कंपन्या राहिल्या.

शाळेच्या पुस्तकात हा निर्णय स्वावलंबनाच्या एका ओळीत संपतो. प्रत्यक्षात त्याचा अर्थ असा होता की शिवडीत पान्याने आवळणाऱ्या फिटरला आता कुर्ल्याला किंवा माझगावला जाऊन हबच्या छिद्राचे माप स्वतः सांभाळायचे होते. त्यासाठी चांगले लेथ हवेत, मापके हवीत, एकसारखे पोलाद हवे. बंगळूरची हिंदुस्थान मशीन टूल्स १९५३ मध्येच सुरू झाली, म्हणजे यंत्रे घडवणारी यंत्रेही तेव्हाच आपल्याकडे पाय रोवू पाहत होती. साहजिकच पहिल्या काही वर्षांत देशी भाग कधी सैल, कधी घट्ट निघाले असणार आणि जुळवणीच्या बाकावरून हद्दपार झालेली कानस गावोगावच्या गॅरेजात परतली. आपल्या मिस्त्रींची पिढी या परतलेल्या कानशीच्या शाळेत शिकली. त्यांना आपण 'जुगाड' करणारे म्हणतो, तो शब्द मला आवडत नाही. दोन शतांश मिलिमीटरचा हिशेब बोटांनी करणे याला जुगाड म्हणत नाहीत.

येथे इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्ण्यांचे नाव घेतल्यावाचून पुढे जाववत नाही. १९४०च्या दशकापासून त्यांनी 'मीरा' नावाची छोटी मोटार स्वतः घडवली आणि पुढची कित्येक वर्षे तिचे नवनवे नमुने काढत राहिले. मीरा रस्त्यावर धावली, लोकांनी पाहिली, मोठ्या प्रमाणावर उत्पादन मात्र कधीच झाले नाही. त्याची कारणे पुष्कळ सांगतात. मला त्यांतले एक या धाग्याशी जवळचे वाटते. एक उत्तम मोटार एक माणूस आयुष्यभराच्या कसबावर करू शकतो; दहा हजार मोटारींचे दहा हजार हब एकमेकींना बसावेत यासाठी परवाने, भांडवल आणि मापकांची अख्खी व्यवस्था लागते, आणि ती इचलकरंजीतल्या एका माणसाच्या हाती नव्हती.

आता राजूरला परत.

हब जातीचा होता, मापाने कमी होता. मिस्त्रींनी आधी तारेच्या ब्रशने दांड्याचे दाते साफ केले. जुना रंग आणि गंज निघाला. हबच्या खाचांच्या कडेला यंत्रकामाची बारीक कूस उभी राहिलेली होती, ती त्यांनी लहान त्रिकोणी कानशीने अलगद उतरवली. खाच घासली नाही. "कूस काढायची, माप काढायचं न्हाई," असे ते मला म्हणाले. एवढ्याने हब पूर्वीपेक्षा निम्मा अधिक उतरला आणि पुन्हा अडला. मग त्यांनी शेजारच्या टपरीवरून चहाचे पातेले मागवले, त्यात पाणी उकळले आणि हब त्यात सोडला. टपरीवाल्या काकांची नाराजी मी पेढ्यांच्या पुड्याने मिटवली.

हिशेब सोपा आहे. ॲल्युमिनियम तापल्यावर प्रत्येक अंशाला मीटरमागे सुमारे २३ मायक्रोमीटर वाढते. वीस मिलिमीटरचे छिद्र सत्तर अंशांनी तापवले तर ते जवळपास तीन शतांश मिलिमीटरने मोठे होते. दांडा मात्र थंडच असतो. एवढी जागा पुरते. काम चपळाईने करावे लागते, कारण हब दांड्याला टेकला की निवू लागतो.

हे तत्त्व राजुरात नवे नाही. लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवताना लोहार नेमके हेच करतो. धाव चाकापेक्षा मुद्दाम किंचित लहान ठेवतात, गोवऱ्यांच्या आरात तांबूस होईपर्यंत तापवतात, सांडशांनी धरून चाकावर उतरवतात आणि पाणी ओततात. सव्वा मीटर व्यासाची धाव सहाशे अंश तापली तर तिचा व्यास आठ-नऊ मिलिमीटरने वाढतो. निवताना ती आकसते आणि आरे, पाटे, तुंबा सारे आवळून धरते. आजोबांच्या गाडीची धाव चढताना मिस्त्रींनी लहानपणी पाहिली होती. पातेल्याची कल्पना त्यांनी कोठून घेतली असे मी विचारले तेव्हा त्यांनी त्याच गाडीचे नाव सांगितले.

पुढची चाके सरळ आहेत याची मामांनी दोनदा खात्री केली. मिस्त्रींनी फडक्यात धरून हब काढला, दात्यांवर तेलाचा एक थेंब, खुणेला खूण, आणि तो हाताच्या दाबाने जवळजवळ पूर्ण खाली गेला. उरलेले दोन आटे त्यांनी नट आवळून ओढून घेतले. हातोडा बाजूला पडून राहिला. "आता काढायचा म्हटला तर पुलर लागंल," मिस्त्री मामांना म्हणाले, "आन् हप्त्यानं नट परत आवळून घ्या भाऊ."

मामा जीप घेऊन शेंडीपर्यंत एक फेरी मारायला गेले. मी गॅरेजातच बसले आणि मिस्त्रींचा जुन्या बोल्टांचा पत्र्याचा डबा उपसत राहिले. गंजलेले, वाकलेले, निरनिराळ्या जातींचे बोल्ट. त्यांत एकाच्या डोक्यावर धूळ पुसल्यावर अक्षर दिसले. एफ. तो कोणत्या गाडीचा, कोठून आला, हे मिस्त्रींनाही आठवेना. मामा परतल्यावर आम्ही तो जीपच्या पुढच्या मडगार्डच्या रिकाम्या छिद्रात लावून पाहिला. पाना लागला नाही. बोटांनी शेवटपर्यंत गेला.